लॉरेल फाट्यातलं खळं

१

टॉलिव्हर धरणाच्या काठावर डॉगवुडची झाडं पांढरी झाली, की थॅक्स्टन नवराबायको बोट बाहेर काढायचे. फुलं आली म्हणजे पाण्याची थंडी मोडली, आणि थंडी मोडली म्हणजे बास मासे खोल तळ सोडून अंडी घालायला उथळ पाण्यात आले. हॉलिस बोट हाकायचा, वर्लीन पुढच्या टोकाला गळ घेऊन उभी राहायची. लग्न झाल्यापासून यात बदल नव्हता.

यंदा बोट वर्लीननं हाकली. हिवाळ्यात हॉलिसला अर्धांगाचा झटका आला होता. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, त्याचा डावा हात आता पाण्यातल्या कपड्यासारखा लोंबत होता. शिवाय बोलताना तोंडातून भलतेच शब्द यायचे. मीठ हवं असलं तर तो खिळा मागायचा, कुत्र्याला खुर्ची म्हणायचा. चूक झाली हे त्याचं त्यालाच कळायचं, आणि मग तो तासन् तास गप्प बसायचा.

"मी काय पार्सल आहे? मागं टाकून नेणार मला?" सकाळी गाडीत बसताना तो कुरकुरला होता.

"पार्सल एवढी बडबड करत नाही," वर्लीन म्हणाली आणि त्याच्या छातीवर तरंगजाकिटाचे बंद आवळले.

बोट उतरवायच्या उतारापाशी डूलीचं आमिषाचं दुकान होतं. म्हातारा डूली कॉफीचा पेला घेऊन पायरीवर आला.

"मिस वर्लीन, कॅप्टन झालात की!"

"हॉलिसला विचार. तो मला जेलर म्हणतो."

"कुठं निघालात? लॉरेल फाट्यात?"

"दुसरीकडं कधी गेलोय आम्ही?"

डूलीनं ओठ मुरडले. "यंदा तिथं मजा नाही. काल दोघं जण रिकाम्या हातानं आले. मासे आहेत म्हणे, पण सगळे काठाला चिकटून. कुणी धाक घातल्यासारखे."

"त्या दोघांना बघून मासेच काय, त्यांच्या बायकापण काठाला चिकटतात," हॉलिस म्हणाला. एकही शब्द चुकला नाही. तिघंही हसले. त्या दिवशीचं ते शेवटचं हसू.

२

लॉरेल फाटा म्हणजे मुख्य पाण्यातून डोंगरात शिरलेली एक लांबट चिंचोळी जागा. तोंड अरुंद, आत गेलं की पाणी रुंद होतं आणि तिन्ही बाजूंनी लॉरेलची गच्च झुडपं. आभाळ भरून आलं होतं. वारा नव्हता. वर्लीननं मोठं इंजिन बंद केलं आणि पुढच्या टोकाची विजेवरची छोटी मोटर पायानं चालवत बोट हळूहळू आत घेतली. पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा डोळ्यांवर होता, त्यातून तळ स्वच्छ दिसत होता.

अंडी घालायच्या दिवसांत बासचा नर शेपटीनं तळ झाडतो. गाळ, पाला, काड्या सगळं बाजूला सारून खडे उघडे पाडतो. वरून पाहिलं तर शेतातल्या खळ्यासारखं गोल, फिकट दिसतं. परातीएवढं असतं फार तर. मग तो त्यावर मादीची वाट बघत पहारा करतो, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिथून हलत नाही. शेजारी त्याला खपत नाही, म्हणून दोन खळ्यांमध्ये चांगलं अंतर असतं.

इथं तसं नव्हतं. काठाला लागून, जेमतेम गुडघाभर पाण्यात, खळ्याला खळं खेटून होतं. प्रत्येकावर एक नर, आणि सगळ्यांची तोंडं आतल्या पाण्याकडं. बोटीची सावली अंगावर पडली तरी एकही मासा हलला नाही.

"हे बघितलंस?" वर्लीन म्हणाली.

हॉलिस तिकडं बघतच नव्हता. तो फाट्याच्या मधोमध बघत होता.

तिथं पाण्याखाली काहीतरी फिकट होतं. आधी तिला वाटलं, आभाळाचं प्रतिबिंब. मग वाटलं, वाळूचा उंचवटा. बोट जवळ गेली तशी त्या फिकट रंगाला कड दिसायला लागली. कड गोल होती. घरच्या अंगणात ट्रक वळवावा, एवढी ती जागा होती. आत फक्त धुतल्यासारखे खडे.

धरण भरलं तेव्हा या फाट्यात उभी झाडं बुडाली होती. त्यांचे बुंधे वर्लीनला ओळखीचे होते, कारण दर वर्षी एखादं आमिष त्यांत अडकून तुटायचं. आता मधला एकही बुंधा जागेवर नव्हता. सगळे त्या गोल कडेवर नेऊन टाकलेले होते, आडवे, मुळांसकट.

"सरकारनं साफसफाई केली वाटतं," ती म्हणाली.

"खळं," हॉलिस म्हणाला.

झटक्यानंतर त्याचे शब्द चुकतात, हे तिनं स्वतःला बजावलं.

३

खळ्यावरचा बास आमिष खात नाही. त्या दिवसांत त्याला भूकच नसते. खळ्यात काही पडलं तर तो ते ओठांत धरतो, अलगद उचलून बाहेर नेतो आणि टाकून देतो. ओठांत असतानाच गळाच्या काठीला हिसका दिला तर मासा लागतो, नाहीतर नाही. वर्लीनचा त्यात हात बसलेला होता. अंड्यांची चोरी करायला येणाऱ्या सरड्यासारखा दिसणारा एक रबरी सरडा ती खास या कामाला ठेवायची.

तिनं तो सरडा त्या फिकट जागेच्या मध्यावर टाकला. का टाकला, हे तिला नंतर सांगता आलं नसतं. बहुधा मनातलं काहीतरी खोटं पाडायचं होतं.

सरडा तळाला टेकला. तंगूसाचा दोरा सैल झाला. मग तो आपोआप सरकायला लागला.

हिसका नाही, थरथर नाही. माणसानं चिमटीत धरून न्यावा तसा तो दोरा पाण्यावरून आडवा सरकत गेला. वर्लीन तळाकडं बघत होती. मासा दिसला नाही. एवढंच दिसलं की सरडा ज्या वाटेनं जात होता, तिथले खडे क्षणभर थरथरले. तापल्या तव्यावरच्या हवेतून पलीकडचं दिसावं, तसे. पाठोपाठ ते पुन्हा स्थिर झाले.

कडेवरच्या बुंध्यांपाशी पोचल्यावर दोरा सैल पडला. तिनं रीळ फिरवून सरडा वर घेतला. रबरावर दाताची खूण नव्हती.

"प्रवाह असेल," ती म्हणाली. "धरणाचे दरवाजे उघडले असतील."

तिनं परत टाकला. या वेळी तो तळाला टेकायच्या आतच उचलला गेला, आणि जास्त घाईनं बाहेर नेला गेला.

हॉलिसनं उजव्या हातानं तिच्या जाकिटाची शिवण पकडली. "पुरे. त्याला राग येईल."

"कुणाला?"

तो शब्द शोधत राहिला. कपाळावर शिरा उठल्या, पण शब्द सापडला नाही.

४

तेव्हाच निघायला हवं होतं, हे वर्लीनला कळत होतं. पण निघायचं म्हणजे काहीतरी कबूल करायचं. हिवाळ्यापासून तिनं पुष्कळ गोष्टी कबूल केल्या होत्या: हॉलिसला आता गाडी चालवता येणार नाही, बटणं तिलाच लावावी लागणार, मुलीच्या गावी राहायला जावं लागेल कदाचित. आणखी एक तिला नको होती. खाऊन निघू, असं ती म्हणाली.

ती डबा काढायला वाकली, तेवढ्यात मागं धप्प आवाज झाला. हॉलिसनं एका हातानं नांगर उचलून पाण्यात सोडला होता. चेहऱ्यावर लहान मुलासारखा अभिमान होता. कित्येक महिन्यांत त्यानं एकट्यानं केलेलं हे पहिलं काम. त्याला बोलायला तिचं मन झालं नाही. नांगर खळ्यातच पडला होता.

खारी बिस्किटं, डब्यातले सॉसेज आणि थर्मासमधली कॉफी घेऊन दोघं शेजारी बसले. आसपास पक्षी बोलत नव्हते. काठाचे मासेही पाण्यावर येत नव्हते. हॉलिसच्या चघळण्याचा आवाज तेवढा येत होता.

"जोलीनला फोन करू रात्री," वर्लीन म्हणाली. "तुझ्याबद्दल विचारत असते."

"तिला म्हणावं, बाप अजून तरंगतोय."

वर्लीननं कॉफीचा घोट घेत मान वर केली. समोर सिकमोरचं वाळलेलं मोठं झाड होतं, वीज पडून दुभंगलेलं. मघाशी बसताना ते तिच्या उजव्या हाताला होतं.

तिनं पेला खाली ठेवला. सिकमोर संथपणे सरकत होतं. म्हणजे बोट सरकत होती. नांगराचा दोर पुढच्या बाजूला तिरका ताणला होता. गाय दाव्यानं ओढत न्यावी, तशी त्यांची बोट कुणीतरी घेऊन चाललं होतं. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती.

बुंध्यांपाशी आल्यावर दोर सैल झाला आणि बोट थांबली. वर्लीननं वाकून पाहिलं. नांगर कडेच्या बाहेर दोन बुंध्यांमध्ये नीट ठेवलेला होता.

"आपण निघालो," ती म्हणाली. आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. "तू हलू नकोस. दोर मी कापते."

"चांगला नांगर आहे," हॉलिस म्हणाला आणि उठला.

"हॉलिस, बस खाली! ऐक माझं!"

त्यानं दोर धरून ओढ घेतली. डाव्या पायानं साथ दिली नाही. बोटीच्या कडेवर तो क्षणभर तोलला, तिच्याकडं ओशाळून बघितलं, आणि पाण्यात गेला.

५

तरंगजाकीट घातलेला माणूस बुचासारखा वर येतो. हॉलिस वर आला नाही.

वर्लीन पालथी पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून चाचपत होती. त्याचं नाव घेत होती. बुडबुडे आले, थांबले. खाली त्याचं नारिंगी जाकीट दिसत होतं आणि ते दूर चाललं होतं. तळाशी नव्हतं, वर येत नव्हतं, एकाच पातळीवर संथ चाललं होतं. मग काठाच्या बाजूला वळलं आणि झुडपांच्या सावलीत दिसेनासं झालं.

"वर्लीन."

हाक काठावरून आली. हॉलिस गुडघाभर पाण्यात, त्या खेटलेल्या छोट्या खळ्यांच्या मध्ये, काठाला पाठ टेकून बसला होता. पाळण्यातून काढून ठेवलेल्या बाळासारखा. भोवतालचे मासे जागेवरच होते.

तिनं दोर कापला आणि बोट त्याच्यापर्यंत कशी नेली, त्याला आत कसा ओढला, यातलं तिला पुढं काही आठवलं नाही. आठवला तो त्याचा चष्मा. नाकावर होता तसा, जरासुद्धा तिरपा न झालेला. सदरा फाटला नव्हता. अंगावर ओरखडा नव्हता. फक्त छातीपासून मांडीपर्यंत त्याचे कपडे बुळबुळीत झाले होते आणि त्यांना थंड चिखलाचा, जुन्या विहिरीचा वास येत होता.

"तोंड," हॉलिस म्हणाला. दात वाजत होते. "तोंडात धरलं. अलगद."

"लाट म्हणायचंय तुला. लाटेनं नेलं."

त्यानं मान हलवली. "मी तिथं नको होतो त्याला."

"शब्द चुकतोय तुझा, राजा," वर्लीन म्हणाली. ती रडत होती. "शब्द चुकतोय."

६

फाट्याच्या अरुंद तोंडाशी पाणी खोल होतं. बुडालेल्या ओढ्याचं पात्र तिथून जात होतं. वर्लीन छोट्या मोटरनं तिथवर आली आणि मोठं इंजिन सुरू करायला वळली. सुकाणूजवळच्या खोली मोजायच्या यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ दिसत होती, खाली, नेहमीच्या जागी.

ती रेघ वर चढायला लागली.

यंत्र बिघडलं असं तिला वाटलं. तिनं पडद्यावर टिचकी मारली. रेघ चढतच राहिली. खोलीचे आकडे उतरत गेले, जणू त्या डोहातून टेकडी उगवत होती.

"इंजिन लावू नकोस," हॉलिस म्हणाला. आवाज स्वच्छ होता, झटक्याच्या आधीचा. "मोटर बंद कर. बस."

"हॉलिस, काय आहे ते?"

"त्यानं खळं कुणासाठी झाडलं? ती येतेय."

तिनं मोटर बंद केली. हॉलिसचा उजवा हात तिच्या हातात होता आणि तो बर्फासारखा होता. तिला पाण्यात बघायचं नव्हतं. तिनं बघितलं.

आधी पाणी नुसतं काळं झालं. मग त्या काळ्याला हिरवी झाक आली, आणि त्यावर आडव्या ओळींत काहीतरी, कौलांसारखं एकावर एक बसवलेलं. प्रत्येक कौल तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलाएवढं. ते बोटीखालून आत सरकत होतं. बोटीच्या डाव्या बाजूला ते होतं, उजव्या बाजूलाही होतं. दोन्हीकडं खाली उतरत गेलेलं, फुगलेलं, जड. संपता संपत नव्हतं. बोट तळापासून किंचित उचलली गेली, जशी निजलेल्या माणसाच्या श्वासानं पांघरुणावरची वस्तू उचलली जाते. लाकडी फळ्या एकदा करकरल्या.

मग ते निमुळतं झालं. शेपटीचा एक रुंद, झिरझिरीत पडदा पाण्यात डावीकडं झुकला, आणि बोट जागच्या जागी गर्रकन फिरून थांबली.

यंत्राच्या पडद्यावरची रेघ खाली जाऊन बसली. मागं फाट्यात पाणी चढलं. लॉरेलच्या फांद्या भिजल्या, आणि हळूहळू पुन्हा उघड्या पडल्या. आवाज आला नाही. निदान वर्लीनला ऐकू आला नाही.

७

डूलीला तिनं एवढंच सांगितलं, की फाट्यात बुंधे वर आलेत, कुणाला पाठवू नकोस. वनखात्याच्या माणसाला फोन करून जरा जास्त सांगितलं. तो नम्रपणे ऐकत होता. हॉलिसची तब्येत कशी आहे, असं त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "ताई, तुमच्यावर ताण आलाय." यापुढं कुणाला काय सांगणार?

घरी त्यावर बोलणं झालं नाही. मे अर्धा उलटल्यावर मात्र हॉलिसनं हट्ट धरला, की वरच्या रस्त्यानं जाऊन कड्यावरून बघून येऊ. "पाण्यात पाय घालणार नाही," तो म्हणाला. "फक्त बघू." ती त्याला दटावत राहिली, आणि मेअखेरच्या मेमोरिअल डेच्या सुट्टीला दुपारी घेऊन गेली. तिलाही झोप लागत नव्हती.

कड्यावरून अख्खा फाटा दिसत होता. ऊन लखलखीत होतं. खळ्यावर ढगाची सावली पडली होती, काळी, गोल. वर्लीननं वर पाहिलं. आभाळ कोरं होतं.

हॉलिसनं उतरून गाडीचं दार लावलं. आवाज दरीत घुमला, आणि ती सावली फुटली. तिचे शेकडो तुकडे झाले, प्रत्येक तुकडा माणसाएवढा लांब, आणि सगळे एकाच वेळी कड्याकडं वळून स्थिर झाले.

"पिल्लं," हॉलिस म्हणाला. मग त्यानं बोट दाखवलं. "गाळ बघ."

खळ्यातले खडे झाकले गेले होते. बऱ्याच दिवसांत तळ कुणी झाडला नव्हता.

"मग तो कुठाय?" वर्लीननं विचारलं.

"राखण संपली त्याची. महिनाभर उपाशी आहे."

कड्याच्या पलीकडून, मुख्य पाण्यावरून, गाणी आणि पोरांचा कल्लोळ ऐकू येत होता. सुट्टी होती. पोहायच्या किनाऱ्यावर सगळा जिल्हा लोटला होता.

ती उतारानं गाडी कशी हाकत गेली, हे तिला कळलं नाही. हॉर्न दाबतच ती वाळूत शिरली. लोक शेगड्यांपासून उठून बघायला लागले. वर्लीन चपला न काढता पाण्यात घुसली. "बाहेर या! सगळे बाहेर या! पोरांना घ्या!"

"काय झालं? साप आहे का?" कुणीतरी ओरडलं.

"हो, साप आहे! सापच आहे! निघा!"

बायकांनी पोरं ओढली. पोरं रडायला लागली. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी पहारेकरी पोरगी उंच खुर्चीवरून शिट्ट्या मारत खाली उतरली. पाणी रिकामं होत गेलं. एक जाडसा तरुण बाप मात्र खांद्यावर मुलगी घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला.

"आजी, मला तर साप दिसत नाही," तो हसून म्हणाला. "जरा उन्हातून बाजूला बसा. डोकं तापलंय तुमचं."

"बाबा, पुढं ये. मला हवं ते बोल, पण पुढं ये."

"माझ्या पोरीला घाबरवताय तुम्ही."

वर्लीन उत्तर द्यायच्या बेतात होती. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली आणि तिथंच राहिली. तिचा चेहरा बघून त्यानंही वळून पाहिलं.

पोहायच्या जागेची हद्द दाखवायला दोराला लाल-पांढरे तरंगते गोळे लावलेले होते. पलीकडच्या टोकाचा गोळा पाण्याखाली गेला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. उडी नाही, शिंतोडा नाही. एकेक करून, किनाऱ्याकडं येत.

गाणी कुणीतरी बंद केली होती. वाळूवरचे सगळे उभे होते, आणि एकही माणूस ओरडत नव्हता. वर्लीननं हात पुढं केला. त्या बापानं तो घट्ट धरला आणि पाण्याकडं तोंड ठेवून, मागं मागं, एकेक पाऊल टाकत तो बाहेर यायला लागला. खांद्यावरची मुलगी दोन्ही हातांनी त्याचं कपाळ धरून समोर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तो बघतोय."